केशरी ओळ

दार उघडंच होतं म्हणून राजसी चपला काढून आत शिरली, तर आतल्या खोलीत कुणीतरी बाई तावातावाने भांडत होती. बारीक, टिपेला गेलेला आवाज, मध्ये श्वास म्हणून नाही. वांगणीतल्या त्या बिल्डिंगच्या भिंती पातळ, शेजारचं काहीतरी असेल असं तिला वाटलं. मग त्या चिवचिवाटातून 'सार्वभौमत्व' हा शब्द सुटून बाहेर आला आणि राजसी दाराशीच थबकली. बाई कुठली, तीच होती ती! पलंगावर सुयोग पाय पोटाशी घेऊन बसला होता, फोन कानापाशी, आणि फोनमधून राजसी बोलत होती. अंबरनाथच्या घरी आईबाबांच्या खोलीचं दार लावून, पंखा बंद करून, घामाने भिजत तिने राज्यशास्त्राचं अख्खं पुस्तक चार दुपारी वाचून रेकॉर्ड केलं होतं. वाचलं होतं म्हणजे कसं, तर एकेका शब्दावर हात फिरवत. त्यासाठी मैत्रिणीला, तेजलला, ओढत उल्हासनगरला नेऊन कॉलरला लावायचा माइक घेतला होता, दुकानदार भूपेशने "ले जा बेटी, आवाज मख्खन आएगा" म्हणून गळ्यात मारलेला. आणि ते सगळं मख्खन आता हा मुलगा असं घोटाघोटाने गिळत होता. "हे काय लावलंयस?" ती म्हणाली. तो दचकला नाही, तिच्या पावलांवरून त्याला कधीच कळलं होतं. "अगं, टू एक्सवर आहे, दुप्पट स्पीडने. झोप आली की अडीच करतो," तो म्हणाला. "वन एक्सवर ऐकत बसलो तर परीक्षा पुढच्या वर्षीच द्यावी लागेल."

आता यात राग येण्यासारखं काय होतं? पण आला. राजसीला इतका राग आला की सुनंदाकाकूंनी, म्हणजे सुयोगच्या आईने, पुढे केलेला चहा तिने गरमच पिऊन टाकला आणि जीभ भाजून घेतली. सोळा वर्षांच्या मुलीने प्रेमात पडून राज्यशास्त्र वाचावं, आणि समोरच्याने ते रेटून ऐकावं! आणि त्यात त्याने वर सांगितलं, "तुझ्या आवाजाला चालतं हे. सगळ्यांच्या नाही चालत, लगदा होतो." हे कौतुक होतं की काय होतं, याचा विचार ती पुढे दोन दिवस करत राहिली. तेवढ्यात त्याने सहज म्हणून तिसऱ्या धड्याचा एक परिच्छेद तोंडपाठ म्हणून दाखवला, तिने वाचताना जिथे आवंढा गिळला होता तिथे तोही थांबला, आणि म्हणाला, "इथे तुमचा कुकर झाला होता." तेव्हा तिचा राग कुठे गेला ते तिलाच समजलं नाही. अडीचपट वेगातसुद्धा या माणसाने आमचा कुकर ऐकला. ती त्याच्याकडे बघतच राहिली. त्याच्याकडे हवं तितकं बघता यायचं, याची तिला जरा शरमही वाटायची आणि बघणं काही थांबायचं नाही.

सुयोगला जन्मापासून दिसत नव्हतं. वडील कंपनीत, कायमचे नव्हे, कंत्राटाचे. घर वांगणीला, कारण तिथे घर घेणं जमलं. तो बारावीला, आर्ट्सला. बोर्डाच्या पेपरात त्याला लेखनिक लागणार होता, म्हणजे तो सांगेल ते उतरवणारं माणूस, आणि नियम असा की लेखनिक खालच्या वर्गातला हवा. म्हणून दिवाळीनंतर मॅडम अकरावीच्या वर्गावर येऊन विचारून गेल्या. पहिला हात वर गेला तो तेजलचा. तेजल कुळगावची, शेतकऱ्याची मुलगी, अक्षर टपोरं, एका ओळीत बसवलेलं, आणि वांगणी तिला एकच स्टेशन पुढे. मॅडमनी तिचंच नाव लिहून घेतलं. मग सुयोगला वर्गात आणलं, त्याने "नमस्कार, मी फार भरभर बोलतो, आधीच माफी मागतो," असं म्हटलं, वर्ग हसला आणि राजसी हसली नाही. एवढंच झालं. पण पाचवीपासून एका बाकावर बसणाऱ्या मैत्रिणीपासून काय लपतंय? मधल्या सुट्टीत तेजल डब्यातली भाकरी मोडत म्हणाली, "तुला पायजे का ते काम?" राजसी म्हणाली, मला काय, तसं काही नाही. "थोबाड बघ आरशात. जा, सांग मॅडमला. माझं नाव राखीवमधी टाकायला सांग." राजसी गेली. तेजलने तेव्हा भाकरी अर्धवट ठेवून डबा बंद केला होता, हे तिला फार नंतर आठवलं.

खरी गंमत पुढे झाली. राजसी म्हणजे पुस्तकी किडा, जेवताना पुस्तक, न्हाणीघराच्या दाराशी पुस्तक, आईने "डोळे फुटतील एक दिवस" असं दहादा म्हटलेलं. पुस्तक ही डोळ्यांनी करायची गोष्ट, याबद्दल तिला कधी शंकाच आली नव्हती. आणि हा मुलगा तिच्या हातातलं पुस्तक घ्यायचा, पानांच्या कडेवरून अंगठा फिरवायचा, म्हणायचा, "चारशेच्या वर आहे. कंटाळवाणं आहे का?" सरावाला बसले की प्रश्न ऐकून तो दोन मिनिटं गप्प व्हायचा. त्या दोन मिनिटांत त्याच्या चेहऱ्यावर काहीच नसायचं, आणि मग उत्तर सुरू व्हायचं ते स्वल्पविरामासकट. नवा परिच्छेद. अवतरण सुरू. अवतरण बंद. मध्येच म्हणायचा, "वरून चौथ्या ओळीत 'म्हणून' आहे ना, ते काढ." ती मोजायची. चौथीच ओळ असायची, 'म्हणून' असायचं. अख्खं पान त्याच्या आत कुठेतरी उघडं होतं आणि तो त्यावरून फिरत होता. राजसीने वाचलेल्या शेकडो पानांतलं एक तरी असं तिच्या आत उभं होतं का? तिला आपण सगळी पुस्तकं नुसती डोळ्यांखालून घातली असं वाटायला लागलं, आणि विशेष म्हणजे त्याचं वाईट वाटायच्या ऐवजी अंगावर काटा आला. उलट ती त्याला वाचून दाखवायची तेव्हा मात्र तो अधीर व्हायचा. वाक्य संपून ती जरा थांबली की लगेच, "पुढे." दर पूर्णविरामाला, "पुढे." ती मनाशी ठरवायची, आज इतकं छान वाचायचं की हा 'पुढे' म्हणायचं विसरला पाहिजे. तो काही विसरला नाही.

या सगळ्यात तेजल कुठे होती? होती की. रविवारी फोन करायची, राजसी सांगायची, पाहुणे आलेत. पाहुणे कसले, रेकॉर्डिंग चालू असायचं. जानेवारीत तेजलच्या चुलतबहिणीची हळद होती. कुळगावात हळद म्हणजे लग्नापेक्षा मोठी, गावभर मांडव, बँडबाजा, आणि तेजलने दोघींसाठी सारख्या पिवळ्या साड्या काढून ठेवल्या होत्या. राजसीने दुपारी मेसेज टाकला, ताप आलाय. त्या दुपारी तिने इतिहासाचे तीन धडे वाचले. तिसऱ्या धड्याच्या शेवटी तिचा आवाज खरंच बसला, तर तिला आतून बरं वाटलं, निदान तापाचं थोडं तरी खरं झालं. असं करतं माणूस. तेजलने नंतर विचारलंही नाही, ताप उतरला का म्हणून.

फेब्रुवारीत पेपर सुरू झाले. इंग्रजी झाला, हिंदी झाला. तिसरा मराठीचा. त्यांना तळमजल्यावरची प्रयोगशाळेशेजारची वेगळी खोली होती, एक बाक, एक सुपरवायझर सर, खिडकीशी गठ्ठा बांधत बसलेले. सगळं सुरळीत चाललं होतं, आणि शेवटी निबंध आला. विषय पहाटेचा. सुयोग नेहमीसारखा गप्प झाला. मग म्हणाला, "लिही. पहाट झाली हे मला कुणी सांगावं लागत नाही. आधी नळातली हवा खाकरते, स्वल्पविराम, मग पाणी येतं. गार फरशी पायाला वेगळी लागते. खिडकीतून पेंढ्याचा ओला वास येतो आणि मालगाडी गेल्यावर जी शांतता उरते, स्वल्पविराम, तिच्यात पहिला कावळा ओरडतो." राजसी लिहीत होती. तिला वाटलं, ही पहाट मी कधी पाहिलेलीच नाही, रोज सहाला उठूनही. आणि त्याच वेळी, अगदी त्याच वेळी, तिच्या कानात क्लासचे सर बोलायला लागले: वर्णनात निसर्गाचे रंग यायलाच हवेत, रंग नाहीत तर मार्क नाहीत. सुयोगच्या पहाटेत रंग नव्हता. तपासणाऱ्याला काय ठाऊक की हा कुणाचा पेपर आहे? तो म्हणेल, हा कसला निबंध, यात सूर्यच नाही. दोन मार्क गेले. दोन मार्कांनी कॉलेज जातं. तो पुढच्या परिच्छेदाचा विचार करत थांबला होता. आणि राजसीने लिहिलं: 'पूर्व दिशेला केशरी रंगाची उधळण झाली आणि अवघी सृष्टी त्यात न्हाऊन निघाली.' लिहून झालं तेव्हा तिला प्रेमाचं भरतं आलं होतं, अगदी खरं सांगायचं तर. त्याला नसलेलं काहीतरी आपण त्याला दिलं, असं वाटून डोळे भरून आले होते.

शेवटी तो म्हणाला, "निबंध एकदा वाच." ती वाचायला लागली. नळ, पाणी, फरशी, पेंढा, कावळा. मग ती ओळ आली. निळ्या शाईत, तिच्याच अक्षरात. आणि तिने ती ओळ ओलांडली, खाली काही सांडलेलं असलं की आपण पाय उचलून पलीकडे टाकतो तशी, आणि पुढचा परिच्छेद वाचला. सुयोग मान किंचित तिरकी करून ऐकत होता. "झालं?" तो म्हणाला. "झालं," ती म्हणाली. त्याने आणखी काही विचारलं नाही. घंटा झाली, सरांनी पेपर उचलला, आणि ती ओळ त्याच्या बैठक क्रमांकाखाली कायमची निघून गेली.

घरी येईपर्यंत तिच्या लक्षात यायला लागलं आणि मग ते थांबेना. आई विचारत होती, पेपर कसा गेला त्याचा, आणि ती जेवणाच्या ताटाकडे बघत होती. आधी वाटलं, चोरी केली. मग वाटलं, चोरी म्हणजे घेणं, मी तर दिलं. मग तिने त्याची वाक्यं मनात पुन्हा म्हणून पाहिली आणि त्यांच्या शेजारी आपलं ठेवून पाहिलं, आणि त्या क्षणी तिने हातातला घास ताटात परत ठेवला. केशरी रंगाची उधळण! कुणाची होती ही उधळण? तिने तरी कधी पाहिली होती? त्यांच्या गॅलरीतून पूर्वेला समोरच्या बिल्डिंगच्या पाण्याच्या टाक्या दिसत. ही ओळ कुठल्याशा गाइडमधून कुठल्याशा वहीत, तिथून सरांच्या तोंडी आणि तिथून तिच्या पेनात आली होती, हजार मुलांनी चघळलेली. जन्मभर पुस्तकं वाचून तिच्याकडे त्याला द्यायला एवढंच निघालं. न पाहणाऱ्याने आपली स्वतःची पहाट सांगितली होती, आणि बघणारीने उष्टी. लाज वाटली म्हणजे किती वाटली! पण त्या लाजेच्या खाली आणखी काहीतरी होतं, मोठं, शांत. तिला त्याचं नाव सुचेना. देवळात गाभाऱ्याच्या पायऱ्या उतरताना बोलणं आपोआप बंद होतं, तसं काहीतरी.

पुढचा पेपर तीन दिवसांनी होता, आणि आणखी तीन पेपर बाकी होते. सांगितलं तर तो तिला पुन्हा शेजारी बसू देणार नाही. नाही सांगितलं तर तीन पेपर त्याच्या शेजारी बसून प्रत्येक ओळ खोटी वाटणार. दुसऱ्या दिवशी दुपारी ती कुळगावला तेजलच्या दारात उभी राहिली. तेजल ओसरीवर पावट्याच्या शेंगा निवडत होती. तिने वर बघितलं आणि म्हणाली, "आज पाव्हणं नाय का आलं तुमच्याकडं?" राजसी खाली बसली आणि सगळं सांगून टाकलं, ओळ, वाचताना गाळलेली ओळ, आणि ताप आला नव्हता तेही. तेजल शेंगा सोलत राहिली. "ते मला म्हाईतच व्हतं," ती म्हणाली. "तुझी साडी मी दुसरीला दिलीच नाय. तशीच घडीची हाय." मग तिचा आवाज एकदम चढला. "आणि येडे, वाचताना गाळलंस? लिहिलंस ते लिहिलंस, ठीक हाय, डोकं फिरलं. पण त्याला दिसत नाय म्हणून गाळलंस ना? मला फोनवर तोंड दिसत नाय म्हणून ताप येतो तुला, तसंच." राजसीला रडू आलं. तेजलने तिला रडू दिलं, मग ओल्या हातानेच तिच्या गुडघ्यावर चापट मारली. "चल उठ. आत्ताच्या आत्ता सांगायचं. तो नको बोलला तर परवाच्या पेपराला मी बसते, राखीवमधी नाव हाय माझं. पण सीन क्लिअर कर." जाताना तिने सुनंदाकाकूंसाठी पिशवीभर शेंगा घेतल्या.

वांगणीला तेजल काकूंपाशी शेंगा घेऊन बसली, आणि राजसी आतल्या खोलीत गेली. सुयोगने फोन बंद केला. फोनमधली ती चिवचिवणारी मुलगी गप्प झाली आणि खोलीत खरी राजसी उरली, तिला एक वाक्य जमत नव्हतं. "मराठीच्या पेपरात," ती म्हणाली, आणि थांबली. "कावळ्याच्या पुढे," सुयोग म्हणाला. तिला कळेना. "कावळ्याच्या पुढे तू काहीतरी लिहिलंस. मी बोलायचा थांबलो होतो आणि तुझं पेन चालूच होतं. एक ओळ, थोडी जास्तच. एकदा ओळ बदलली." राजसी भिंतीला टेकली. त्याला पेन ऐकू येत होतं. अर्थातच येत होतं! कुकर ऐकणाऱ्याला पेन येणार नाही? तीन पेपर तो तिचं प्रत्येक अक्षर ऐकत बसला होता, आणि तिला वाटलं होतं की कागद हा तिचा एकटीचा आहे. "मग तू बोलला का नाहीस?" "मला वाटलं वाचताना सांगशील. मी वाट बघत होतो. तू म्हणालीस, झालं." तो शांतपणे बोलत होता आणि त्याचे कान लाल झाले होते. "काय लिहिलं होतंस?" तिने ओळ म्हणून दाखवली. तिच्या आयुष्यात कुठलंही वाक्य म्हणायला तिला एवढे कष्ट पडले नव्हते.

तो बराच वेळ गप्प होता, ती नेहमीची दोन मिनिटं. "केशरी हा शब्द मला माहीत नाही असं नाही," तो म्हणाला. "पण माझ्या पहाटेत तो नव्हता ना, राजसी. आता त्याला मार्क मिळाले तर ते कुठे ठेवू मी? लहानपणापासून सगळे माझ्या वतीने बघतात. ठीक आहे, बघा. पण बोलतो मी." त्याचा आवाज फाटला. "ते एकच मी करतो." बाहेर सुनंदाकाकू आणि तेजल यांचं बोलणं थांबलं होतं. "मी परवा येत नाही," राजसी म्हणाली. "तेजल येईल. तिचं अक्षर माझ्यापेक्षा चांगलं आहे." हे म्हणताना तिला वाटलं, झालं, संपलं सगळं, आणि तरी गेल्या दोन दिवसांत पहिल्यांदाच श्वास पोटापर्यंत गेला. "तेजल असती तर तिने लिहिलंच नसतं," सुयोग म्हणाला. "पण लिहिलं असतं तर ती सांगायला आली असती का, मला माहीत नाही. तू आलीस." मग तो खाकरला, पहाटेच्या नळासारखा. "तूच ये. एक अट. मी थांबलो की पेन बाकावर ठेवायचं. मला ऐकू आलं पाहिजे."

आणि मग ते तीन पेपर. कुणाला सांगितलं तर हसतील, पण राजसीच्या सगळ्या वाचनात असं काही नव्हतं. तो बोलायचा, ती लिहायची. तो थांबायचा, ती पेन ठेवायची, टक्. त्याच्या चेहऱ्यावर काहीच नसायचं, खिडकीशी सर पान उलटायचे, आणि त्या रिकाम्या जागेत ती हात मांडीवर घेऊन बसायची. आत पान तयार होतंय, ती स्वतःशी म्हणायची, आणि आपल्याला तिथे जाता येत नाही. पूर्वी या जागा भरून काढाव्या असं तिला वाटायचं. आता तिला त्या मोजाव्यात, जपाव्यात असं वाटत होतं. एक माणूस शेजारी, हाताच्या अंतरावर, आणि केवढा मोठा आतून, आणि आपण बाहेर दाराशी. पण दाराशी बसायला आपल्यालाच सांगितलंय. तिचे डोळे भरायचे. मग तो बोलायचा, "नवा परिच्छेद," आणि ती पेन उचलायची. प्रत्येक उत्तर तिने पहिल्या अक्षरापासून शेवटच्यापर्यंत वाचून दाखवलं. त्याने सांगितलेले दोन चुकीचे सनसुद्धा, ओठ चावून, तसेच.

शेवटचा पेपर संपला तेव्हा बाहेर चांगलंच ऊन तापलं होतं. काकू रिक्षा बघायला गेल्या. कॉलेजच्या आवारातल्या बदामाच्या झाडाखाली तिघं पारावर बसली, तेजल उसाच्या रसाचे ग्लास सांभाळत. "सुटलात एकदाचे," तेजल म्हणाली. "आणि बाईसाहेब, शनिवारी माझ्या काकाकडं पूजा हाय. पिवळी साडी. ताप आला तर तापासकट यायचं." राजसी हो म्हणाली, आणि या वेळी दोघींनाही ते खरं वाटलं.

सुयोग ग्लास हातात फिरवत होता. "राजसी," तो म्हणाला, "तुझ्या पिशवीत पुस्तक आहे ना? तुझं, अभ्यासाचं नव्हे." असतंच. "वाच ना थोडं." ती पिशवीचा बंद घट्ट धरून म्हणाली, "रेकॉर्ड करून पाठवते की. तू आपल्या स्पीडने ऐक." "नको," तो म्हणाला. "परीक्षा संपली. आणि समोर बसलेल्या माणसाला टू एक्स करता येत नाही." त्याचे कान लाल झाले होते. तेजलने रसाचा घोट घेतला आणि फार काहीतरी महत्त्वाचं असल्यासारखी रस्त्याकडे बघायला लागली.

राजसीने पुस्तक काढलं. जिथे उघडलं तिथूनच सुरू केलं, आवाज हळुवार करायचं तिला सुचलंही नाही, आपल्या साध्या आवाजात तिने पहिलं वाक्य वाचलं. सुयोगने मान तिरकी केली होती, पेपरात करायचा तशीच. वाक्य संपलं. पूर्णविरामापाशी ती सवयीने थांबली आणि वाट बघू लागली. वर बदामाचं एक पान खालच्या पानावर आपटत खाली आलं, फाटकाशी काकूंनी रिक्षावाल्याला हाक मारली. तो 'पुढे' म्हणाला नाही.